‘पगारासाठी आले’ म्हणायची चोरी

नर्सिंगच्या प्रवेशाच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास असतो: या क्षेत्रात का यावंसं वाटलं? उत्तरही ठरलेलं. लहानपणापासून सेवेची आवड आहे. मी या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेली आहे, त्यामुळे सांगायला हरकत नाही की हे उत्तर देणाऱ्या बऱ्याच जणी त्या क्षणी पाठ केलेलं बोलत असतात. खरं कारण असतं लवकर लागणारी नोकरी, घरात येणारा पगार, जमलं तर परदेश. पण ते तोंडातून निघालं तर प्रवेश गेलाच, असं कुणीतरी तिला बजावून पाठवलेलं असतं. म्हणजे युनिफॉर्म अंगावर चढायच्या आधीच मुलगी शिकते की इथे पैशाचं नाव काढायचं नसतं. पुढे आयुष्यभर हे शिक्षण तिला महाग पडतं.

दरवर्षी 12 मेचा परिचारिका दिन जवळ आला की सेवाभावाच्या पोस्टी सुरू होतात, म्हणून यंदा आधीच लिहून टाकते. नर्स या कामात कशासाठी आली, यावरून ती कशी नर्स होणार हे कळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पगारासाठी आलेल्यांत अतिशय उत्तम नर्सेस पाहिल्यात. ‘ध्येया’साठी आलेल्यांतही पाहिल्यात. दोन्हींत कामचुकारही पाहिलेत. आणि ‘पैसा की आवड’ हा वाद आम्हा नर्सेसकडूनच का वदवून घेतला जातो, याचा मला जास्त संशय येतो.

या वादाला अर्थशास्त्रातही जागा मिळाली आहे बरं का. 2005 मध्ये अँथनी हेयस नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने एक मांडणी केली. तिचा मथितार्थ असा: नर्सचा पगार वाढवला तर ज्यांना या कामाची ओढ नाही अशी माणसंही आत येतील, म्हणून कमी पगार हीच एक प्रकारची गाळणी आहे. ऐकायला तर्कशुद्ध वाटतं. वॉर्डात एक आठवडा काढलेला माणूस मात्र विचारेल, या गाळणीतून खाली उतरतं कोण? ओढ असलेली मुलगी उतरते, मान्य. पण तिच्यासोबत दुसरीकडे कुठेच दार उघडलं नाही अशीही उतरते. आणि घरात दुसरं कुणी कमावतं आहे म्हणून जिला हा पगार परवडतो, तीही. उलट कामाची मनापासून ओढ आहे, पण मागे म्हातारे आईवडील आणि डोक्यावर कर्ज आहे, अशी मुलगी या गाळणीत वरच अडकते आणि दुसरी नोकरी धरते. नॅन्सी फोल्बर आणि ज्युली नेल्सन या दोघी अर्थतज्ज्ञ बायकांनी हेयसला उत्तर देताना, चांगला पगार मिळणारी नर्सच जास्त चांगली, अशी उलट बाजू मांडली. मी अर्थातच त्यांच्या पक्षात.

आणि गंमत बघा. ही गाळणी सर्जनला कुणी लावत नाही. त्याची फी वाढली की ‘हात चांगला आहे’ म्हणतात. नर्सने पगारवाढ मागितली की ‘आता पूर्वीसारख्या नर्स राहिल्या नाहीत’. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या अहवालानुसार जगात 2 कोटी 79 लाख नर्सेस होत्या आणि त्यातल्या सुमारे 90 टक्के स्त्रिया. यात सगळं आलं. बाईच्या अंगी काळजी घेणं असतंच, मग त्याचे वेगळे पैसे कसले, हा विचार कुणी उघड बोलत नाही, पण पगारपत्रकात दिसतो. माझ्या बरोबरीचे ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, पगारावरून भांडायचे तेव्हा ‘त्याला घर चालवायचंय’ असं समजून घेतलं जायचं. आम्ही भांडलो की आमची आवड मोजायला घेत.

ज्यांच्या वाढदिवसाला हा दिवस साजरा होतो, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची गोष्टही आपण अर्धीच सांगतो. त्या श्रीमंत घरातल्या. 1853 पासून वडील त्यांना वर्षाला 500 पौंड देत, म्हणून लंडनमधल्या एका संस्थेची जबाबदारी त्या बिनपगारी घेऊ शकल्या. त्यांचं काम त्याने तसूभरही लहान होत नाही. पण पगाराशिवाय काम करता येणं ही त्यांची सोय होती आणि ती सोय फार थोड्यांना असते, हे त्यांनाही कळत असावं. कारण 1854 मध्ये 38 जणींना घेऊन त्या क्रिमियन युद्धातल्या सैनिकांसाठी तुर्कस्तानातल्या स्कुटारीला गेल्या, त्यांत धर्मसंस्थांच्या नन होत्या तशा पगारी नर्सेसही होत्या. 1860 मध्ये सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये त्यांची शाळा सुरू झाली, तेव्हा शिकणाऱ्या मुलींनासुद्धा राहण्याजेवणावर वर्षाला 10 पौंड मिळत. हातातला दिवा सगळ्यांना आठवतो. टाळता येण्याजोग्या आजारांनी किती सैनिक मेले याचे त्यांनी काढलेले तक्ते कुणाला आठवत नाहीत. सेवाभावाच्या पोस्टरवर तक्ता शोभत नसावा.

त्याच युद्धात जमैकाच्या मेरी सीकोल होत्या. सरकारने त्यांना घेतलं नाही, तर त्या स्वतःच्या खर्चाने गेल्या. 1855 मध्ये क्रिमियातल्या बालाक्लावाजवळ त्यांनी ‘ब्रिटिश हॉटेल’ उघडलं. अधिकाऱ्यांना जेवण आणि सामान विकायचं, आणि आजारी, जखमी सैनिकांवर उपचारही करायचे. धंदा आणि शुश्रूषा एकाच हाताने चालली होती. युद्ध संपलं, माल पडून राहिला, बाई 1856 मध्ये दिवाळखोर झाल्या. पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी जाहीर कार्यक्रम करून निधी गोळा करायची वेळ आली. मला त्या फार जवळच्या वाटतात, का ते वेगळं सांगायला नको.

आता ‘पगारासाठी आलेली’ म्हणजे कशी असते ते सांगते. माझ्यासोबत एक जण होती. कुणी विचारलं तर सरळ म्हणायची, ‘मला पगार हवा म्हणून आले, उद्या जास्त मिळाला तर तिकडे जाईन.’ पेशंटला बाळा-सोन्या म्हणणं तिला जमायचं नाही. हात हातात घेऊन बसणारी ती नव्हती. पण इन्फ्युजनचं, म्हणजे शिरेतून द्यायच्या औषधाचं, लेबल ती दोनदा वाचायची, प्रत्येक वेळी. हँडओव्हर देताना, म्हणजे पुढच्या ड्यूटीच्या नर्सला पेशंट सोपवताना, एक गोष्ट सुटायची नाही. एका रात्री ऑपरेशन झालेला एक पेशंट नुसता चुळबुळ करत होता. बीपी ठीक, ताप नाही. कुणीही ‘दुखत असेल’ म्हणून सोडून दिलं असतं. तिने मिनिटभर घड्याळ धरून श्वास मोजले, ते वाढलेले होते. अर्ध्या तासाने परत मोजले, आणखी वाढले होते. तिने डॉक्टरांना उठवलं, त्यांनी फोनवर वैताग काढला, तिने पुन्हा उठवलं. आत रक्तस्राव होत होता. बीपी खाली यायच्या आधीच पेशंट परत ऑपरेशन थिएटरमध्ये गेला होता. ही आवड होती का? ती हसली असती. ती कसबी होती, आणि आपल्या कामाचे पैसे घेतो तर काम चोख हवं, एवढाच तिचा हिशेब होता. पेशंटला तो पुरला.

लोक म्हणतात, रात्री तीन वाजता कुणी बघत नसताना पेशंटची कूस बदलायला आतूनच काहीतरी हवं, ते पैशाने येत नाही. खरं आहे. पण मग त्या तीन वाजताचाच नीट विचार करू. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमा. न हलता येणारे पेशंट समजा सहा, तुम्ही एकट्या, मदतीला कुणी नाही. त्यात एकाचं सलाईन बाहेर आलंय, एक बेडवरून उतरायला बघतोय, एक नवीन ॲडमिशन दारात आहे. अशा वेळी काय सुटतं? औषधं सुटत नाहीत, कारण चार्टवर सही लागते. सुटतं ते, ज्याची कुठे नोंद नसते किंवा जे नंतर भरून काढता येईल असं वाटतं. तोंड स्वच्छ करणं, कूस बदलणं, नातेवाइकाला समजावून सांगणं, घाबरलेल्याशी दोन वाक्यं बोलणं. थोडक्यात, ज्यासाठी ‘आवड’ लागते म्हणतात, नेमकं तेच. आणि सुटल्याचं सगळ्यात जास्त कुणाला लागतं? जिला आवड आहे तिला. 1984 मध्ये अँड्र्यू जेमटन या तत्त्वज्ञांनी नर्सेसबद्दल लिहिताना याच अवस्थेवर बोट ठेवलं होतं: योग्य काय ते माहीत आहे, पण व्यवस्था ते करू देत नाही. अशा कुचंबणेत आधी बाहेर पडतात त्या बऱ्याचदा मनापासून करणाऱ्या. कोडग्या झालेल्या टिकतात.

हे माझ्या मनाचे खेळ नाहीत. 2002 मध्ये नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातली 168 हॉस्पिटलं तपासली. एका नर्समागे एक पेशंट जास्त असेल, तर शस्त्रक्रिया झालेला पेशंट 30 दिवसांत दगावण्याची शक्यता 7 टक्क्यांनी जास्त आढळली, आणि नर्स पार थकून जाण्याची 23 टक्क्यांनी. कॅलिफोर्नियाने 2004 पासून किती पेशंटमागे एक नर्स हे कायद्याने बांधून दिलं. आयसीयूत दोघांमागे एक. हे ठरवताना कुठल्या नर्सच्या मनात किती ओढ आहे, हे मोजायची गरज पडली नाही.

पैशाचीही एक वाईट बाजू आहे, ती दडवणार नाही. मूळ पगार तुटपुंजा ठेवून वरची कमाई ओव्हरटाइमवर सोडली की माणसं डबल ड्यूटी करतात. मीही केल्या आहेत. 2004 च्या एका अमेरिकी अभ्यासात साडेबारा तास किंवा त्याहून लांबलेल्या ड्यूटीत चूक होण्याची शक्यता सुमारे तिप्पट दिसली. तिथे पेशंटच्या जिवावर उठलेली असते ती नर्सची हाव, असं म्हणायची मोठी घाई असते. मूळ पगाराचा आकडा कुणी विचारत नाही.

महासाथीत टाळ्या वाजल्या. ब्रिटनमध्ये मार्च 2020 पासून दर गुरुवारी लोक दारात येऊन वाजवत. वर्षभराने तिथल्या सरकारने नर्सेससाठी सुचवलेली पगारवाढ होती 1 टक्का. नंतर ती वाढवावी लागली, पण डिसेंबर 2022 मध्ये तिथली रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग ही संघटना आपल्या 106 वर्षांच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या संपावर गेलीच. तेव्हाही ‘पेशंटना वाऱ्यावर सोडलं’ म्हणणारे निघाले. संपाच्या दिवशी आयसीयू आणि केमोथेरपी चालू ठेवली होती, हे त्यांच्या कानावर गेलं नसावं.

मला इनबॉक्समध्ये मुलंमुली विचारतात, ‘मॅडम, आवड अशी नाही, पण नोकरी लागते म्हणून नर्सिंग घेऊ का?’ घ्या. आवडीची चिंता आत्ता करू नका. ती बरेचदा काम जमायला लागल्यावर येते, पहिल्यांदा शीर एका टोचण्यात सापडते तेव्हापासून. स्वतःला दुसरेच प्रश्न विचारा. बेडपॅन उचलता येईल का, आणि ते उचलताना समोरच्याला लाज वाटू न देता? तेच काम शंभराव्यांदा करताना लक्ष टिकेल का? औषधाच्या डोसचं गणित डोळ्यांवर झोप असतानाही बरोबर येईल का? नातेवाईक ओरडला तर पेशंटवर राग निघणार नाही ना? यातल्या एकाचंही उत्तर ठाम ‘नाही’ असेल, तर कितीही तळमळ असली तरी दुसरं काहीतरी बघा.

आणि नोकरीच्या मुलाखतीला जाल तेव्हा तुमच्या बाजूनेही दोन प्रश्न न्या. नाईटला एका नर्सकडे किती पेशंट असतात, आणि मूळ पगार किती. ‘आमच्याकडे सगळे एका कुटुंबासारखे राहतात’ असं उत्तर आलं, तर तोच प्रश्न पुन्हा विचारा.