"गूगलवर सगळ्यात वर आलं म्हणजे सेफ"? अजिबात नाही

एक मेसेज फिरतोय, की सर्चमध्ये सगळ्यात वरची लिंक बिनधास्त उघडा, गूगल जाहिरात तपासूनच लावतं, वेबसाइटचा पत्ता बरोबर आणि बाजूला कुलूप दिसलं की झालं. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असेल, पण हे वाचून कोणाचं तरी खातं रिकामं होईल म्हणून लिहितोय.

वरची जागा मुळात विकत मिळते. वर बारीक अक्षरात "प्रायोजित" असतं ना, तिथे बोली लावून कोणीही बसू शकतो.

तपासणी होते हे खरंय, २०२४ मध्ये ५१० कोटी जाहिराती अडवल्या किंवा काढल्या असं गूगलच सांगतं, पण भामटे तपासणाऱ्या बॉटला (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामला) एक साधं निरुपद्रवी पान दाखवतात आणि आपण क्लिक केलं की भलतंच उघडतं, मग त्यातून काही सुटणारच.

पत्त्याचं तर सगळ्यात वाईट. ऑक्टोबर २०२३ मध्ये कीपास या पासवर्ड मॅनेजरची (पासवर्ड साठवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची) खोटी जाहिरात सापडली, तिच्यात लोगो खरा, दिसणारा पत्ताही खरा, आणि क्लिक केल्यावर जी साइट उघडायची तिच्या पत्त्यातल्या पहिल्या अक्षराखाली एवढीशी शेपटी होती, स्क्रीनवर धूळ बसलीय असं वाटावं इतकी बारीक, आणि तिथून डाउनलोड केलं की मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर. आता सांगा, नीट बघून क्लिक करणारा तरी यातून कसा वाचणार?

कुलपाचा अर्थ एवढाच की मधला कोणी डेटा वाचू शकत नाही, समोर चोरच बसला असेल तर काय उपयोग, कुलपासाठी लागणारं सर्टिफिकेट त्यालाही फुकटात मिळतं. क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच काढलं, लोक त्याचा अर्थ "साइट विश्वासू" असा घेत होते म्हणून.

त्यामुळे बँक, सरकारी काम, सॉफ्टवेअर डाउनलोड यांसाठी पत्ता स्वतः टाइप करा किंवा बुकमार्क ठेवा, प्रायोजित लिंक सोडून खाली जा. अ‍ॅड ब्लॉकर, म्हणजे जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर, वापरा असं अमेरिकेच्या एफबीआयनेही डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं होतं. आणि कस्टमर केअरचा नंबर सर्चमधून कधीच उचलू नका, कारण जाहिरातीतून खरीच साइट उघडून तिच्या सर्च बॉक्समध्ये स्वतःचा नंबर दाखवायची भामट्यांची युक्तीसुद्धा २०२५ मध्ये उघड झालीय. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे असतो, तोच लावा.