पानही न खाणारी

"78 किलो 400!" नर्सताईंनी आकडा सगळ्या बाकांना ऐकू जाईल असा वाचला आणि त्याच दमात विचारलं, "नाव?"

"अपर्णा," मी पुटपुटले.

कोपऱ्यातल्या काकांनी पेपर खाली ठेवला. "अपर्णा? अर्थ माहितीये का?"

माहितीये. जन्मापासून तोच ऐकतेय. पण अशा काकांना "हो" हे उत्तर ऐकू येत नाही.

"पार्वतीचं नाव! तप करताना गळून पडलेल्या पानांवर राहायची, पुढे तीही सोडली. म्हणून अ-पर्णा. कालिदास. कुमारसंभव, पाचवा सर्ग." आणि त्यांनी श्लोक म्हटला. अख्खा, चालीवर, डोळे मिटून. मी अजून काट्यावरच उभी, पर्स नर्सताईंच्या हातात.

"हरिवंशात तर तीन बहिणी आहेत," आता ते समोरच्या आजींकडे वळले. "हिमालय-मेनेच्या मुली. एकपर्णा एका पानावर राहायची, एकपाटला पाटला वृक्षाच्या एका फुलावर, आणि ही कशावरच नाही. शेवटी आईच कळवळली, 'उ मा', म्हणजे अगं, नको गं! म्हणून ती उमा." मग त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुमच्या आईवर काही ही वेळ आली नसेल."

सगळे हसले. मीही हसले, आणि त्याचाच राग अजून जात नाही.

खरं तर ललितासहस्रनामावरच्या भाष्यात भास्कररायांनी 'अप-ऋण', जिच्यावर कुणाचं देणं नाही ती, अशीही फोड केलीय. तेच तोंडावर फेकायला हवं होतं. पण घराचे हप्ते अजून 11 वर्षं चालायचेत, म्हणजे तिथेही माझी पंचाईतच. मुलीचं नाव ठेवताना लोक तिच्या वतीने केवढं कबूल करून बसतात! अनसूयेने मत्सर करायचा नाही, सुहासिनीने डोकं दुखत असलं तरी हसायचं.

तेवढ्यात आतून हाक आली, "केशव कोण आहे?"

काका उठले. केशव म्हणजे सुंदर केसांचा. डोक्यावर, अगदी कानामागेसुद्धा, एक केस नव्हता. ट्यूबलाइट मात्र स्वच्छ दिसत होती त्यात.

मी काही बोलले नाही. कुणीच बोललं नाही. आजींनी तर "सावकाश हं" म्हणून दार धरलं.

मग माझा नंबर लागला. आहाराच्या कागदावर पहिलीच ओळ होती: रोज भरपूर पालेभाजी.