एलिनॉरबाईंचं माहेर

मध्ययुगीन युरोपातल्या एखाद्या मातब्बर बाईचं चरित्र हौसेने उघडावं आणि तिसऱ्या पानावर कागद-पेन्सिल शोधत घरभर फिरावं, हे माझं नेहमीचंच. त्या लोकांना नावंच पुरत नाहीत. नैऋत्य फ्रान्समधल्या अक्विटेनची एलिनॉर घ्या, बाराव्या शतकातली, आधी फ्रान्सची आणि मग इंग्लंडची राणी. बाप विल्यम, आजोबा विल्यम, एक मुलगा विल्यम. दुसरा नवरा हेन्री, त्याच्यापासूनचा एक मुलगा हेन्री आणि दोन जावईही हेन्रीच. एका मुलीचं नाव पुन्हा एलिनॉर!

त्यात मी वंशावळ मांडायला बसले ती आत्या मुक्कामाला असताना. आत्याने जन्मभर लग्नं जुळवली आहेत. तिने चष्मा लावला आणि कागद स्वतःकडे ओढला.

"आईकडचे कोण?"

इथेच घाम फुटला. एलिनॉरचे आजोबा, नववे विल्यम, कविता करायचे. त्यांनी एका सरदाराची बायको उचलून पॉइतिएच्या वाड्यात आणून ठेवली. नाव दांजरूझ. बाईंचा नवरा जिवंत, यांची बायकोही जिवंत. पुढे त्या बाईंची नवऱ्यापासूनची मुलगी आजोबांनी आपल्या मुलाला करून घेतली. त्या जोडप्याची मुलगी ही एलिनॉर.

"म्हणजे व्याही आणि विहीण एकत्र राहायचे?" आत्याची पेन्सिल थांबली.

"आधी एकत्र राहायला लागले. व्याही नंतर झाले."

आत्याने पाणी मागवलं.

पुढचं सरळ होतं. 1137 साली बाप यात्रेला गेला तो वाटेतच वारला. भाऊ आधीच गेलेला, त्यामुळे एवढी मोठी डची, म्हणजे ड्यूकचं राज्य, तेरा-पंधरा वर्षांच्या पोरीच्या नावावर. तीनेक महिन्यांत बोर्दोला लग्न, नवरा फ्रान्सचा राजपुत्र लुई आणि लग्नाला महिना उलटायच्या आत सासराही गेल्याने ती राणी. "स्थळ चांगलं होतं," आत्या म्हणाली. चांगलंच होतं, पण पटलं नाही. दोघं मिळून धर्मयुद्धाला गेली, भांडत परतली. तेव्हा पोपने स्वतः मध्यस्थी केली, आपले भारी पडदे लावून पलंग सजवून दिला आणि दोघांना एकत्र झोपायला लावलं. मला तर वाटतं, ख्रिस्ती जगातला सर्वांत थोर समुपदेशक तोच. पुढे मुलगी झाली, पण तीही दुसरी मुलगीच. लुईला गादीसाठी मुलगा हवा होता.

मग 1152 च्या मार्चमध्ये धर्मगुरूंना आठवलं की ही दोघं नात्यातली आहेत. त्या काळी चर्चच्या नियमाने सात पिढ्यांच्या आतलं नातं लग्नाला चालत नसे, आणि फ्रान्सचा राजा दुसरा रोबेर दोघांचाही पूर्वज निघाला.

"आमच्यात मामाची मुलगी चालते," आत्या म्हणाली, "आणि लग्नाआधीच विचारतात."

विचारलं यांनीही असेल, पण आठवायला पंधरा वर्षं लागली. लग्न रद्द झालं. दोन महिने झाले नाहीत तोच एलिनॉरने अंजू प्रांताच्या हेन्रीशी लग्न लावलं. तो वयाने लहान आणि नात्याने लुईपेक्षाही जवळचा! अडीच वर्षांत हा इंग्लंडचा राजा झाला. मुलं आठ, त्यातले पाच मुलगे. लुईच्या जिवाला काय वाटलं असेल!

तरी वंशावळीचा खरा छळ पुढेच आहे. लुईने दुसरं लग्न केलं, त्या बायकोला मुलगी झाली मार्गारेट. ती 1160 साली एलिनॉरच्या मुलाला, धाकट्या हेन्रीला दिली. नवरदेव पाच वर्षांचा, नवरी तर दुपट्यातून नुकती बाहेर आलेली. घाई कशाची? तर मुलीबरोबर वेक्सँ प्रांतातले किल्ले येणार होते.

"म्हणजे हुंडा," आत्या म्हणाली. "आणि तिचा पहिला नवरा तिचा व्याही!" मग ती एकदम ताठ बसली. "पहिल्या लग्नाच्या त्या दोन मुली? त्या नवऱ्याच्याही सावत्र बहिणी आणि नवरीच्याही?"

"हो."

"मग करवल्या कुणाच्या?"

यावर आठशे वर्षांत कुणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. त्याच वर्षी लुईने तिसरं लग्न केलं, तेही त्या दोन मुलींसाठी ठरवलेल्या भावांच्या बहिणीशी. म्हणजे त्या भावांची सख्खी बहीणच त्यांची सासू होऊन बसली. हे कागदावर दाखवायला मी काढलेला बाण जेवणाच्या टेबलावर उतरला.

मुलांच्या बंडाला साथ दिली म्हणून हेन्रीने तिला पंधरा-सोळा वर्षं कैदेत ठेवलं, ते मी भराभर सांगून टाकलं. कैदेत निदान कुणाचं लग्न होत नव्हतं. हेन्री वारल्यावर ती सुटली. 1200 साली, ऐंशीकडे झुकलेली असताना, ऐन हिवाळ्यात पिरेनीज पर्वत ओलांडून ती स्पेनमधल्या कॅस्टिलला गेली. तिथे दिलेल्या मुलीच्या मुलींपैकी उर्राकाचं ठरत होतं, पण आणली तिची धाकटी बहीण ब्लांश. द्यायची होती लुईच्याच नातवाला.

आत्या बोटांवर मोजू लागली. इंग्लंड जिंकणारा विजेता विल्यम हा मुलाकडूनही आणि मुलीकडूनही पाचव्या पिढीत येत होता.

"मग सातात आलंच की! कुणी अडवलं नाही?"

"फ्रान्स आणि इंग्लंडच्या राजांचा तह झाला होता."

"असं," आत्याने पेन्सिल खाली ठेवली. "मग ते सोड. मुलगी नाकीडोळी कशी होती?"