वाटेत गळलेले घोडे

छोटा ट्रॅक्टर घ्यायचा विचार मनात आला तर तो मनातच ठेवावा. एकदा का तो तोंडाबाहेर पडला, की ज्यांनी आयुष्यात कुंडीसुद्धा उकरलेली नाही असे लोकही डोळे बारीक करून एकच प्रश्न विचारतात, "किती एचपी?" जमीन केवढी, उतार कसा, काम काय, चालवणार कोण, यातलं काहीही कोणी विचारत नाही. आकडा सांगितला की समोरचा क्षणभर थांबतो, मान हलवतो आणि म्हणतो, "कमी पडेल." मी एका गृहस्थांना मुद्दाम रणगाड्याला शोभेल असा आकडा सांगून पाहिला. ते म्हणाले, "सपाटीला ठीक आहे. चढावर कमी पडेल."

आमची गरज तशी साधी. दोन-अडीच एकरांचा तुकडा, त्यात थोडी झाडं, बरंच गवत आणि दर मोठ्या पावसात वाहून जाणारा एक खडीचा रस्ता. एवढ्यासाठी अजस्र यंत्र नको आणि हाताने तर होतच नाही, म्हणून छोटा ट्रॅक्टर. मला वाटलं, 'छोटा' म्हटल्यावर विषयही छोटाच असेल.

सुरुवात घोड्यांपासून केली. एचपीची, म्हणजे हॉर्सपॉवरची, कल्पना जेम्स वॉट यांनी अठराव्या शतकात वाफेची इंजिनं खपावीत म्हणून वापरली. त्यांच्या हिशोबाने एक घोडा मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट वर उचलतो. घोड्याचं म्हणणं कुठे नोंदवलेलं नाही. हा झाला ७४६ वॉटचा घोडा. याशिवाय एक मेट्रिक घोडा असतो, तो ७३५.५ वॉटचा. म्हणजे दोन माहितीपत्रकं शेजारी ठेवली तर एकातले घोडे जवळपास दीड टक्क्याने रोड असू शकतात, आणि हे कळायला सगळ्यात खालच्या ओळीतली सगळ्यात बारीक अक्षरं वाचावी लागतात.

बरं, हे घोडे इंजिनातले. आपलं अवजार फिरतं ते ट्रॅक्टरमागच्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे पीटीओवर, आणि तिथपर्यंत सगळे पोचत नाहीत. पंचवीस निघाले तर गिअरांमधून वाट काढत मागे यायला वीस-एकवीस उरतात. क्लच-गिअरऐवजी हायड्रोस्टॅटिक असेल, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी आणि नुसत्या पायाने पुढे-मागे होणारी व्यवस्था, तर आणखी एक-दोन कमी. मी विक्रेत्याला विचारलं, "मधले चार-पाच घोडे जातात कुठे?"

तो शांतपणे म्हणाला, "कुठे जात नाहीत साहेब. आतच असतात."

हे उत्तर चुकीचं नाही. आतच असतात, तेल तापवत. पण अवजार निवडताना उपयोगी आकडा पीटीओचा, आणि माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर ठळक असतो तो इंजिनाचा. उचलण्याच्या क्षमतेचीही हीच गत. "सातशे किलो उचलतो" असं लिहिलेलं असतं, पण ते नेमकं अवजार धरणाऱ्या मागच्या दांड्यांच्या, म्हणजे लिंकच्या, टोकाशी. खरं अवजार तिथे घडी करून बसत नाही, ते मागे पसरलेलं असतं. म्हणून शहाणे लोक टोकापासून ६१० मिलिमीटर मागे किती उचलतो ते विचारतात. मी विचारलं तेव्हा विक्रेत्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मग चहा आणायला सांगितलेल्या मुलाला परत बोलावलं.

घोडे मोजून झाल्यावर रुंदी. मी टेप खिशात घेऊन हिंडू लागलो. फाटक मोजलं, झाडांच्या ओळींमधलं अंतर मोजलं, शेडचं दार मोजलं. ट्रॅक्टर अरुंद हवा हे उघड होतं. पण अरुंद ट्रॅक्टर आडव्या उतारावर कलंडायला सोपा, म्हणून मागच्या चाकांमधलं अंतर वाढवावं म्हणतात. अंतर वाढवलं की रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती उकरणारं अवजार, रुंद लागतो, कारण तो निदान टायरांच्या बाहेरच्या कडांइतका नसेल तर भुसभुशीत मातीच्या शेजारी टायरने दाबलेली पट्टी तशीच राहते. रोटाव्हेटर रुंद झाला की त्याला घोडे जास्त. घोडे जास्त म्हणजे ट्रॅक्टर मोठा. आणि मोठा ट्रॅक्टर फाटकातून जात नाही. मग फाटक रुंद करावं? त्यासाठी खांब हलवायचे, खांबांसाठी नवे खड्डे खणायचे, खड्ड्यांसाठी ऑगर हवा, ऑगर फिरवायला ट्रॅक्टर हवा, आणि तो तर फाटकाबाहेर उभा.

या टप्प्यावर भाऊजी आले. भाऊजींचा हायड्रोस्टॅटिकवर विश्वास नाही. "पाय दाबला की पुढे, सोडला की थांबला. यात चालवणं कुठे आहे?" असा त्यांचा सवाल. गिअरच्या ट्रॅक्टरवर माणसाचा कस लागतो, कमी गोष्टी बिघडतात आणि नांगरटीला सगळी ताकद मातीत जाते, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. नांगराचे लांबच लांब तास घालायचे असतील तर मीही गिअरच घेतला असता. पण खडीच्या ढिगापाशी पुढे, मागे, पुढे, मागे असं दिवसभर करणाऱ्या माणसाचा कस पहिल्या तासातच लागून संपतो. हे मी भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, "तुमचा."

शेवटी प्रश्न सोडवला बायकोने. "अहो, आधी कामं लिहून काढा. ट्रॅक्टर मागाहून बघू." तिने कागद पुढे ठेवला. गवत कापणं, माती उकरणं, रस्ता सारखा करणं, खत नेणं, खडी पसरणं, पडलेल्या फांद्या ओढणं, माती आणून झाडांना घालणं, कुंपणाचे खड्डे. लिहून झाल्यावर दिसलं, की यातली निम्मी कामं म्हणजे एक वस्तू इथून उचलून तिथे टाकणं. जो रोटाव्हेटर डोक्यात धरून मी इतके दिवस घोडे मोजत होतो, तो वर्षातून थोडाच वेळ लागणार होता. आणि ऑगर? कुंपण एकदाच होणार. त्याला यंत्र असलेला माणूस बोलवावा आणि तो काम करताना आपण कमरेवर हात ठेवून उभं राहावं, यासारखं सुख नाही.

म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढे लोडर हवा, ओझं उचलून टाकणाऱ्या बकेटचा. लोडर म्हटल्यावर विक्रेत्याचा चेहरा उजळला आणि त्याने पुढच्या बकेटमध्ये ओझं घेतलं की ट्रॅक्टरच्या मागेही ओझं लागतं, ही बातमी दिली. नाहीतर मागची चाकं हलकी होतात, आणि बहुतेक ट्रॅक्टरचा ब्रेक तर मागच्याच चाकांना असतो. मग मागे वजनाची पेटी लावा, नाहीतर टायरमध्ये पाणी भरा. थोडक्यात, पुढचं ओझं उचलायला मागे दुसरं ओझं विकत घ्यायचं. मी आपला मागे रोटाव्हेटरच लटकवून ठेवायचा ठरवला. निदान वर्षभर काहीतरी काम करेल.

टायरांवर फार बोलत नाही. खोल दात्यांचे घेतले तर चिखलात उत्तम आणि हिरवळीची चाळण. हिरवळीचे घेतले तर चिखलात जागच्या जागी गरगर. मधले घेतले तर दोन्हीकडे थोडं थोडं वाईट. लोडर आणि खडी असेल तर मधले घ्यावेत, आणि हिरवळीची आशा सोडावी.

मागचं जोडणं, ज्याला थ्री-पॉइंट लिंकेज म्हणतात, ते मात्र मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत सुंदर वाटलं. पूर्वी नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढला जाई. फाळ खडकाला अडला की ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालवणाऱ्यावर उलथे. हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाने खाली दोन आणि वर एक असे तीन दांडे अशा रीतीने जोडले, की नांगराचा जोर ट्रॅक्टरचं तोंड उचलण्याऐवजी खाली दाबतो. आज जगातला जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टर हेच जोडणं मिरवतो. याच फर्ग्युसनने १९३८ मध्ये हेन्री फोर्डबरोबर ट्रॅक्टर बनवायचा व्यवहार नुसत्या हस्तांदोलनावर केला. पुढच्याच वर्षी ट्रॅक्टर बाजारात आला, नंतर फोर्डच्या नातवाच्या काळात व्यवहार मोडला, खटला उभा राहिला आणि १९५२ मध्ये ९२.५ लाख डॉलरवर मिटला. त्यामुळे आमचा विक्रेता हात पुढे करून "सर्व्हिसचं माझ्यावर सोडा साहेब, शब्द आहे" असं म्हणाला, तेव्हा मी हात मिळवला आणि दुसऱ्या हाताने कागद सरकवला.

कागदावर मी काही गोष्टी लिहून घेतल्या. एक, पीटीओ स्वतंत्र हवा. जुन्या धाटणीच्या ट्रॅक्टरमध्ये पीटीओ गिअरबॉक्सशी बांधलेला असतो, त्यामुळे क्लच दाबला तरी मागचं गवत कापायचं जड पातं आपल्या गतीने फिरत राहतं आणि उलट ट्रॅक्टरलाच पुढे ढकलतं. आपण क्लचवर उभे, आणि ट्रॅक्टर कुंपणाकडे. यावर ओव्हररनिंग क्लच नावाचा, पात्याचा जोर उलट ट्रॅक्टरकडे येऊ न देणारा छोटा जोड मिळतो. पण मुळात ते दुखणं नसलेलं बरं. दोन, ट्रॅक्टर उलटला तर चालवणाऱ्याला वाचवणारी डोक्यामागची रोलबार, सीटबेल्टसकट. रोलबार उभी असेल तर पट्टा बांधायचा, फांद्यांखालून जाताना घडी केली असेल तर बांधायचा नाही. ही गोष्ट भाऊजींनाही मान्य आहे, म्हणजे ती किती पक्की असेल पाहा. तीन, पीटीओपासून अवजारापर्यंत जाणाऱ्या शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं आवरण. शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. सैल बाही अडकल्यावर हात मागे घ्यायला माणसाला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात त्याचे बरेच फेरे झालेले असतात. इथे मी विनोद करत नाही.

चौथी गोष्ट कागदावर लिहायची नव्हती, ती घरी आल्यावर कळते. शाफ्ट दुकानातून येतो तो लांब असतो, आणि आपल्या ट्रॅक्टरला, आपल्या अवजाराला मोजून कापावा लागतो. लांब राहिला तर अवजार उचलताना आत ठोकर घेऊन गिअरबॉक्स फोडतो, आखूड कापला तर त्याच्या एकीत एक सरकणाऱ्या दोन नळ्या एकमेकींतून सुटतात. रोटाव्हेटर वर करा, मोजा, खाली करा, मोजा, आणि मग एवढ्या पैशांच्या नव्याकोऱ्या वस्तूला करवत लावा. करवत बायकोने धरली. तिचं म्हणणं, माझा हात थरथरत होता.

मग जोडणी. ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये, मागे जमिनीवर निवांत बसलेलं अवजार, आणि खालच्या दोन लिंक एकाच वेळी दोन पिनांसमोर आणायच्या. डावी बसली की उजवी बोटभर मागे. उजवी बसवायला ट्रॅक्टर बोटभर सरकवला की डावी निसटते. सपाट फरशीवर हे पाच मिनिटांचं काम आहे. जमीन मात्र फरशी नसते. बायको मागे उभी राहून हाताने खुणा करत होती. ("तिथे मध्ये उभी राहू नकोस" हे मी इतक्या वेळा म्हटलं, की शेवटी ती बाजूला जाऊन झाडाखालून खुणा करू लागली, आणि त्या दिसेनात.) हायड्रोस्टॅटिकची खरी किंमत तेव्हा कळली. पायाच्या बोटाने ट्रॅक्टर बोटभर सरकतो. भाऊजींना फोन करून सांगावंसं वाटलं, पण हात मोकळा नव्हता.

रोटाव्हेटर जोडला गेला, आणि दुसऱ्याच दिवशी बांधावर शेजारचे तात्या उभे. तात्यांचा ट्रॅक्टर मोठा, पंचेचाळीस एचपीचा, आणि त्यांचा रोटाव्हेटर पात्यांसाठी कुठेतरी उघडून पडलेला.

"छान आहे," ते माझ्या यंत्राभोवती एक फेरी मारून म्हणाले. "दोन दिवस द्या की."

मी अशा प्रसंगासाठीच माहितीपत्रकं वाचली होती. अत्यंत दुःखी चेहरा करून म्हणालो, "तात्या, तुम्हाला नाही म्हटलं असतं का हो मी? पण हा पडला कॅटेगरी वनचा. याच्या खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या. तुमचा ट्रॅक्टर कॅटेगरी टू, भोक २८ चं. नुसता डगडगेल. तुमच्याच लिंकचं नुकसान व्हायचं."

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. दोनदा मान डोलावली. मग पायजम्याच्या खिशात हात घालून पिनांवर चढवून त्या जाड करायचे लोखंडाचे तीन बुश काढले आणि ते रोटाव्हेटरच्या फ्रेमवर ओळीने मांडून ठेवले.

"खालचे दोन, वरचा एक," ते म्हणाले. "शाफ्ट मोठा असेल तर सांगा, करवत आणलीय."