सरकारी इतमाम नको म्हणणारे लाझार पोन्तिचेली

काल रात्री पुन्हा या माणसाबद्दल वाचत बसले आणि झोपच उडाली, म्हणून लिहितेय. पहिल्या महायुद्धात फ्रान्सकडून लढलेल्यांपैकी सगळ्यात शेवटी उरलेले हे. १२ मार्च २००८ ला गेले, वय ११०!

मूळचे फ्रेंच पण नाहीत बरं का. जन्म १८९७ चा, इटलीतल्या बेत्तोलाकडचा, घरी खायची मारामार. लहान पोर एकटंच ट्रेनने पॅरिसला आलं, धुराडी साफ केली, पेपर विकले, आणि १९१४ ला वय खोटं सांगून फॉरिन लीजनमध्ये (फ्रेंच सैन्यातली परदेशी लोकांची तुकडी) भरती झालं, का तर ज्या देशाने पोटाला दिलं त्याचं देणं फेडायचं. पुढे इटली युद्धात उतरल्यावर त्यांना बळजबरीने तिकडच्या सैन्यात धाडलं. तिथे समोरच्या ऑस्ट्रियन सैनिकांना ही पोरं पाव द्यायची आणि ते यांना तंबाखू!

२००५ ला राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी जाहीर केलं की शेवटच्या सैनिकाला सरकारी इतमामात निरोप देऊ. पोन्तिचेलींनी सरळ नाही म्हटलं. म्हणाले, माझ्या आधी गेले त्यांना कुणी विचारलं नाही, त्यांचा अपमान होईल तो. मला हे शंभर टक्के पटतं. फ्रान्सचे १३ लाखांहून जास्त सैनिक मेले त्या युद्धात, आणि मान कुणाला, तर जो सगळ्यात जास्त जगला त्याला? जानेवारी २००८ मध्ये उरलेले दुसरे सैनिक लुई द काझनाव गेले आणि हे एकटेच राहिले, तेव्हा कुठे तयार झाले, तेही साधा कार्यक्रम करा आणि सगळ्या मेलेल्यांच्या नावाने करा असं सांगून.

फ्रान्समधल्या आर्गॉनच्या जंगलातला, लढाईच्या वेळचा प्रसंग तर डोक्यातून जातच नाही. दोन खंदकांच्या मधे एक फ्रेंच सैनिक पाय गेला म्हणून ओरडत पडलेला, स्ट्रेचरवाल्यांची पुढे जायची हिंमत होईना. हे सरपटत निघाले तर आधी एक जखमी जर्मनच सापडला. त्याने दोन बोटं दाखवली. दोन मुलं आहेत घरी. यांनी त्याला धरून त्याच्याच खंदकाजवळ नेऊन सोडलं, मग मागे फिरून आपल्या माणसाला ओढत आणलं. त्याने मिठी मारली, म्हणाला माझ्या चार पोरांच्या वतीने थँक्यू.

त्या फ्रेंच सैनिकाचं पुढे काय झालं, हे पोन्तिचेलींना शेवटपर्यंत कळलं नाही.