मुलांसाठी अगदी साधे चहापान

घरातल्या सहा वर्षांच्या कन्येने भातुकलीतली पितळी किटली पुढे धरून ‘मला मैत्रिणींना चहाला बोलवायचंय’ असे म्हटले, की आपण सर्वप्रथम हा विषय तिच्या हातून काढून घ्यावा. तिच्या डोक्यात चार मैत्रिणी, एक सतरंजी आणि बशीत बुडवायची बिस्किटे यांपलीकडे काहीही नसते, आणि एवढ्या भांडवलावर मोठी माणसे कार्यक्रम करीत नाहीत.

आमंत्रण सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकावे आणि त्यात ‘अगदी साधं, घरच्या घरी’ हे शब्द विसरू नयेत. त्यांचा अर्थ रिटर्न गिफ्ट भारी असणार असा होतो, हे प्रत्येक आईला न सांगता कळते. चार मैत्रिणींच्या अकरा झाल्या तरी डगमगू नये. एकीला वगळून तिच्या आईसोबत लिफ्टमध्ये सहा मजले गप्प उभे राहण्यापेक्षा सात खुर्च्या मागून आणणे सोपे असते.

१ जुलै २०२२ पासून देशभर फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, सजावटीचे थर्माकोल आणि प्लास्टिकचे कप-चमचे यांवर बंदी आहे. सुजाण पालकाने तिचे मनापासून पालन करावे, म्हणजे सुपारीच्या झावळीच्या ताटल्या आणि लाकडी चमचे ऑनलाइन मागवावेत, ते प्लास्टिकच्या तीन वेष्टनांतून घरी आले, की वेष्टने लपवून ताटल्यांचा फोटो काढावा. मांडणीवरच्या स्टीलच्या दोन डझन वाट्या फोटोत येणार नाहीत, एवढे मात्र पाहावे.

आता मुख्य प्रश्न पेयाचा. मुलांना चहा द्यावा, असे आपण गटावर चुकूनही लिहू नये; लिहिलेच, तर रात्री अकरा वाजता कोणीतरी राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ची मार्गदर्शक तत्त्वे पाठवील, ज्यांत एका कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते आणि चहातल्या टॅनिनमुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही, असे स्पष्ट म्हटलेले आहे. (अकरा वाजता हे वाचणाऱ्या सगळ्या जणी तेव्हा चहाच पीत असतात, हा भाग वेगळा.) मग दुसरी दुधात घालायची पूड सुचवील आणि तिसरी लगेच आठवण करून देईल, की एप्रिल २०२४मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने बोर्नव्हिटासकट अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढण्यास ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितले होते. शेवटी कोणाच्याही मुलाला न आवडणाऱ्या बदामाच्या दुधावर एकमत होईल. या सगळ्यात आजी स्वयंपाकघरातून ‘अगं, कपभर दुधात चमचाभर चहाचं पाणी घाल, रंग आला की झाला मुलांचा चहा’ असे म्हणाल्या, तर त्यांना आदराने दारात रांगोळी काढायला पाठवावे.

बिस्किटे अर्थातच नाचणीची असावीत. ती बुडवली तरी मऊ होत नाहीत आणि न बुडवता चावत नाहीत, त्यामुळे पुरवठ्याला येतात.

प्रत्यक्ष दिवशी मुलांना खेळवायला आणलेल्या ताईंनी माइक हातात घेतला, की कन्या सतरंजीची घडी घेऊन पलंगाखाली गेलेली आढळेल. तिला तिथून ओढून केकच्या मागे उभे करावे आणि हसायला सांगावे. आया थांबणारच, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी भेळ, ढोकळा आणि आले-गवती चहा घातलेला थर्मास तयार ठेवावा; तो पहिल्या वीस मिनिटांत संपतो.

साडेआठला दार लागले, की फुगे फोडत बसलेली कन्या किटली घेऊन पुन्हा पुढे येईल आणि ‘आई, चहा कधी करायचा?’ असे विचारील. तिला उद्या शाळा आहे, असे सांगावे.