धोटा थांबला की भीती वाटते

भीतीदायक दृश्यांमधल्या आवाजांवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यात म्हटल्याप्रमाणे २० हर्ट्झखालच्या (सेकंदाला वीसपेक्षा कमी कंपनांच्या) न ऐकू येणाऱ्या ध्वनीने प्रेक्षक घाबरतो, हे जरा जास्तच ताणलंय. मोबाईलच्या नखाएवढ्या स्पीकरमधून तो ध्वनी निघतच नाही, आणि निम्मी जनता तर वेबमालिका मोबाईलवरच बघते! वॉटरफोन या वाद्याचा उल्लेख मात्र झकास. तळाशी पाणी, कडेला ब्राँझच्या सळया, त्यावर व्हायोलिनसारखा गज फिरवायचा; पाणी हललं की सूर घसरतो.

आम्ही सोलापूरचे, यंत्रमागांच्या पूर्व भागातले. आमच्याकडे असलं वाद्य कुठलं? एका एकांकिकेसाठी मी शेजारच्या कारखान्यात यंत्रमागाच्या लोखंडी सांगाड्याला पिझोची चकती (कंपनं थेट टिपणारा चपटा मायक्रोफोन) चिकटपट्टीने लावली आणि रेकॉर्ड केलं. (मालक म्हणाले, "काय ओ, मागाचा ईसीजी काढताय काय?") ते चौपट संथ केलं. आवाज दोन सप्तकं खाली गेला आणि धोट्याची (मागात आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो) खटखट राहिलीच नाही. कुणीतरी जड पावलांनी माडीवर चालतंय असं वाटायला लागलं. आईने तर बंद करायला लावलं.

पण तालमीत लोक सगळ्यात जास्त दचकले ते हा आवाज एकदम तोडला तेव्हा. आमच्या गल्लीत लाईट गेली की सगळे माग एकदम थांबतात आणि गाढ झोपलेली म्हातारी माणसं उठून बसतात, तसंच. हिचकॉकच्या १९६३ च्या 'द बर्ड्स' या सिनेमातही रूढ पार्श्वसंगीत नाही. पक्ष्यांचे बरेच आवाज ट्राउटोनियम या विद्युतवाद्यावर काढलेत. शांततेवर लिहा की एखादा लेख.